अंगणातल्या द्राक्षवेलीवर केवडा आणि भुरी दोन्ही, औषध न मारता काय करता येईल? (इंदूर)

अंगणातली_वेल | २४ सप्टेंबर, रात्री ९.५२

नमस्कार मंडळी. रामबागेत आमचं जुनं घर आहे, मागच्या अंगणात दहा बाय वीसचा मांडव आणि त्यावर द्राक्षाची वेल, सासऱ्यांनी लावलेली, हिरवी बिनबियांची, बहुतेक थॉम्पसन असावी. यंदा पाऊस काही केल्या जाईना. पानांवर वरून पिवळे तेलकट डाग, पान उलटं केलं की त्याच जागी खाली पांढरी लव, आणि आता तीच पानं तपकिरी होऊन गळून राहिलीयत. शिवाय मागच्या थंडीत घडांवर राख टाकल्यासारखं पांढरं आलेलं, मणी कडक झाले आणि मग चक्क तडकले, आतला गर दिसत होता.

दुकानात गेले तर त्याने दोन पुड्या हातात दिल्या, एक आंतरप्रवाही एक स्पर्शजन्य, आलटून पालटून मारा आणि मारल्यावर इतके दिवस फळ खाऊ नका. अहो पण आमच्याकडे द्राक्षं घडाने तुटून ताटात येतच नाहीत, शेजारची पोरं स्टुलावर चढून एकेक मणी तोडतात आणि तिथंच तोंडात टाकतात, त्यांना कोण सांगणार आज नको परवा खा म्हणून. सासूबाईंचं म्हणणं तांब्याच्या घंगाळात ताक आंबव आणि ते शिंपड, त्यांच्या माहेरी असंच करायचे. नैसर्गिक काय काय चालतं ते अनुभवाने सांगा, फॉरवर्ड आलेले मेसेज नकोत प्लीज.

भियाराम | २४ सप्टेंबर, रात्री १०.१५

निंबोळी तेल मारा वहिनी, सगळ्यावर चालतं. नाही चाललं तर निदान मांडवाखालचे डास तरी जातील.

काळी_माती | २५ सप्टेंबर, सकाळी ६.४०

भिया, 'सगळ्यावर चालतं' म्हणणाऱ्यानेच निम्मे मांडव घालवलेत.

ताई, तुमचं वर्णन चोख आहे, फोटोची गरज नाही. तुमच्याकडे दोन वेगळे रोग आहेत आणि सगळा घोळ इथंच होतो कारण दोन्हीत पांढरं दिसतं. आत्ता पानांवर आहे तो केवडा, बागाईतदार डाऊनी म्हणतात. मागच्या थंडीत घडांवर होती ती भुरी. नाव सोडलं तर दोघांत काही म्हणजे काही सारखं नाही.

केवडा हा पाण्याचा जीव आहे. खरं सांगायचं तर ती बुरशीच्या खानदानातली बुरशीही नाही, शेवाळाच्या बाजूची नातेवाईक. तिचे बीजाणू पानावर पाण्याचा थर असला की त्यात पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूला जी बारीक छिद्रं असतात त्यातून आत शिरतात. एकदा आत गेली की ती पानाच्या पोटात वाढते, तुम्हाला डाग दिसतो तेव्हा तिचं काम अर्धं झालेलं असतं. युरोपातले द्राक्षवाले तीन दहा सांगतात, दहा मिलिमीटर पाऊस, दहा डिग्रीच्या वर तापमान आणि दहा सेंटिमीटरची कोवळी फूट, तिन्ही जमलं की समजा सुरुवात झाली. आपल्याकडे पावसाळ्यात हे तिन्ही रोजच जमतं.

भुरी उलट. तिला ओलं पान नको, जोराच्या पावसाने तर ती धुऊन जाते. तिला सावली हवी, दमट हवा हवी, २० ते २७ डिग्री हवेत, म्हणजे आपली नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिच्यासाठी मस्त. आणि ती पानावर, मण्यावर वरच्या वर पसरते, आत फक्त शोषायला सोंडा घालते. मणी तडकला तो यामुळेच, साल मेली, वाढायची थांबली, आतला गर वाढत राहिला.

आता मुद्द्याचं. भुरी वर बसलेली असते म्हणून दूध, सोडा, तेल, गंधक असल्या साध्या गोष्टींनी ती दिसल्यावरही मारता येते. केवडा आत बसलेला असतो, तो दिसल्यावर त्याला बरं करणारं नैसर्गिक असं माझ्या बघण्यात काहीही नाही. तिथे फक्त येण्याआधी अडवणं. म्हणून जो कोणी तुम्हाला उपाय सांगेल त्याला आधी विचारा, कशावर? केवड्यावर की भुरीवर?

अंगणातली_वेल | २५ सप्टेंबर, सकाळी ११.०५

काका हे आजवर कुणी असं सांगितलंच नव्हतं, दुकानवाल्याने तर पान बघितलंसुद्धा नाही. मग आत्ता जी पानं गेलीयत त्यांचं काय करू?

काळी_माती | २५ सप्टेंबर, दुपारी १२.३०

तोडा. डागाळलेली सगळी, आणि खाली पडलेली झाडून उचला, कारण त्याच वाळक्या पानांत तिची टणक बीजं पुढच्या पावसापर्यंत पडून राहतात. घरच्या कोपऱ्यातल्या कंपोस्टात टाकू नका, सरळ सकाळच्या कचरागाडीत ओल्या कचऱ्यात द्या, नगर निगमचा एवढा तरी फायदा घ्या. बरेच जण म्हणतील कंपोस्टात सगळं मरतं. मरतं, पण ढीग तापला तर. आपल्याच इंदुरात १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड होते, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर तेव्हा त्यांची प्लँट इंडस्ट्रीची संस्था होती, खतांचा 'इंदूर पद्धत' म्हणून जो ढीग जगभर गेला तो इथलाच. तो थर देऊन, उलटापालटा करून ६५ डिग्रीपर्यंत तापायचा. आपल्या घरचे ढीग कोमट सुद्धा होत नाहीत.

देशी_तेच_बरं | २५ सप्टेंबर, दुपारी ३.४८

हॉवर्डसाहेबांचं नाव घेतलंच आहे तर त्यांचं मूळ म्हणणंही सांगा की, रोग म्हणजे माती आजारी असल्याची खूण. माती सुधारा, जीवामृत द्या, दशपर्णी अर्क आणि गोमूत्र मारा, वेल आपोआप ताकदवान होते आणि रोग जवळ येत नाही. फवारे शोधत बसायची गरजच काय?

निफाडचा_भाचा | २५ सप्टेंबर, रात्री ८.२०

इंदूरला मामाकडे आलोय म्हणून हा धागा दिसला, आमची निफाडला बाग आहे. दादा, मातीचं खरं आहे पण केवड्याचे बीजाणू वाऱ्यापावसाबरोबर येतात, ते काही तुमच्या जमिनीचा खसरा-खतौनी बघून उतरत नाहीत. उत्तम सेंद्रिय कर्ब असलेल्या बागा मी एका आठवड्याच्या पावसात काळ्या पडलेल्या बघितल्यात. थॉम्पसन आणि तिच्या बहिणी मुळातच केवडा भुरी करपा तिन्हीला नाजूक. माती चांगली असली की वेल मार खाऊन पुन्हा फुटते एवढं नक्की. उलट शेणखत युरिया जास्त झालं की फूट लुसलुशीत येते आणि असल्या फुटीवर दोन्ही रोग आधी येतात. दशपर्णी आम्ही पण करतो, तुडतुडे फुलकिडे यांच्यासाठी, डाऊनीवर तिचा भरवसा धरून झोपलो तर सकाळी घड नाहीत.

गच्ची_पलासिया | २५ सप्टेंबर, रात्री ९.३०

मला एक बेसिक शंका. आमच्या गच्चीवरच्या कुंडीतल्या द्राक्षाला मण्यांवर पांढरट लेयर असतोच, बाजारातल्या द्राक्षावर पण असतो, ती भुरी का?

निफाडचा_भाचा | २५ सप्टेंबर, रात्री ९.४१

नाही नाही, ते मेण, मण्याची स्वतःची लव, ती असली म्हणजे माल ताजा. बोटाने पुसा, खाली गुळगुळीत चमकदार साल दिसली तर मेण. भुरी पुसली तर खाली तपकिरी जाळीसारखी नक्षी दिसते आणि बोटाला कुबट वास येतो. देठाकडे बघा, भुरी आधी देठावर आणि घडाच्या आतल्या दांड्यांवर असते, मेण तिथे राखेसारखं साचत नाही.

रसायन_मास्तर | २६ सप्टेंबर, सकाळी ७.५५

सासूबाईंच्या घंगाळाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो. ते ताक दोन-चार दिवसांत हिरवट निळसर होत असेल, विचारा त्यांना. ताकातलं लॅक्टिक आम्ल हवेच्या मदतीने घंगाळातलं तांबं विरघळवतं. म्हणजे त्या शिंपडतात ते ताक नावापुरतं, काम तांबं करतं. आणि केवड्यावर तांबं गेली सव्वाशेहून जास्त वर्षं चालत आलंय, तेव्हा सासूबाईंचं माहेर बरोबरच होतं. अडचण एवढीच की त्यात तांबं किती उतरलं ते कळायला मार्ग नाही, एका वेळी कमी पडेल आणि दुसऱ्या वेळी पानं जाळेल.

त्याचाच मोजून मापून केलेला भाऊ म्हणजे बोर्डो मिश्रण. गोष्ट मजेशीर आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे म्हणून मळेवाले त्यावर मोरचूद (तांब्याचे निळे खडे) आणि चुन्याचं निळं पाणी मारायचे, दिसायला विषारी दिसावं एवढ्याचसाठी. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवड्याने सगळा मळा झडलाय पण रस्त्याकडच्या रांगांची पानं जागेवर आहेत. १८८५ मध्ये त्याने ते छापलं. थोडक्यात तुमच्या शेजारच्या पोरांसारखीच पोरं तिथे होती म्हणून जगाला केवड्यावरचं पहिलं मोठं औषध मिळालं.

भियाराम | २६ सप्टेंबर, सकाळी ८.१०

म्हणजे पोरांना हाकलू नका वहिनी, शोध लागून राहिलेत.

देशी_तेच_बरं | २६ सप्टेंबर, सकाळी १०.२२

मोरचूद! म्हणजे नीला थोथा! हे नैसर्गिक? मग धाग्याचं नाव बदला ना, 'कोणतं केमिकल मारू' असं करा.

रसायन_मास्तर | २६ सप्टेंबर, सकाळी ११.४०

राग रास्त आहे, म्हणून आकडे मांडतो. सेंद्रिय शेतीच्या नियमांत तांबं आणि गंधक दोन्ही चालतात, खनिज म्हणून. पण तांबं कुजत नाही, विघटत नाही, दर फवाऱ्याला मातीत साठत जातं आणि गांडुळांना त्रास देतं. म्हणून युरोपीय संघाने हद्द घातलीय, हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांबं, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. हे ताईंच्या मांडवाला लावून बघू. दहा बाय वीस फूट म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर, त्याच्या वाट्याला वर्षाला साडेसात ग्रॅमच्या आतच तांबं येतं. आता अर्धा टक्का बोर्डो पाच लिटर केलं तर त्यात २५ ग्रॅम मोरचूद, त्यातलं निव्वळ तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे सहा ग्रॅमच्या वर. एकाच फवाऱ्यात वर्षाचा कोटा जवळजवळ संपला! तेच बारीक तुषाराने, पानाच्या खालून, ठिबकू न देता दोन लिटरमध्ये भागवलं तर फवाऱ्याला अडीच ग्रॅम, मग वर्षात दोन-तीन वेळा जमतं. लोक दर रविवारी निळं पाणी मारतात आणि वर आमचं सगळं नैसर्गिक म्हणून सांगतात, त्यांनी हा हिशोब एकदा करावा.

अंगणातली_वेल | २६ सप्टेंबर, दुपारी २.१५

हा हिशोब वाचून मी झारी खाली ठेवली, कारण मी तर बादलीभर करणार होते. दोन-तीनच वेळा मारायचं तर मग कधी मारू? आणि करायचं कसं तेही सांगा.

काळी_माती | २६ सप्टेंबर, संध्याकाळी ५.५०

एकदा ऑक्टोबरच्या छाटणीनंतर उघड्या काड्यांवर, तेव्हा पानं नसतात म्हणून एक टक्का चालतं आणि अगदी थोडं लागतं. मग पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर, पहिल्या मोठ्या सरीच्या आधी, अर्धा टक्का. तिसरा हातात ठेवा, कोवळ्या फुटीवर अवकाळीचं ढग दिसलं तरच. पाऊस पडून गेल्यावर मारण्यात फारसा अर्थ नाही, तांबं पानावर आधी बसलेलं असलं तरच बीजाणूला अडवतं.

करायची रीत, एका लिटरला अर्धा टक्का म्हणजे मोरचूद पाच ग्रॅम, कळीचा चुना पाच ग्रॅम. एक टक्क्याला दुप्पट. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत अर्ध्या पाण्यात विरघळवा, लोखंडी भांडं चुकूनही नको. चुना दुसऱ्या बादलीत उरलेल्या पाण्यात विझवून गार करून गाळून घ्या. मग मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, ढवळत. आभाळी रंग आला पाहिजे. आता घासलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा, त्यावर तांबूस थर बसला तर तांबं मोकळं आहे, थोडा चुना अजून घाला नाहीतर पानं करपतील. केलेलं त्याच दिवशी संपवा. हातमोजे घाला, डोळे सांभाळा, उरलेलं पाणी नालीत ओतू नका. मोरचूद सियागंजात सहज मिळतं.

पण याच्या आधी मांडव मोकळा करा. मला खात्री आहे तुमच्या मांडवाखाली दुपारी बाराला दिवा लावावा लागत असेल.

अंगणातली_वेल | २६ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

हो काका, आम्ही कौतुकाने सांगत असतो की खाली ऊन येतच नाही म्हणून!

निफाडचा_भाचा | २६ सप्टेंबर, रात्री ९.०५

तिथंच आहे सगळं. खाली जमिनीवर उन्हाचे कवडसे नाचले पाहिजेत. बगलफुटी काढा, एकावर एक चढलेल्या काड्या विरळ करा. मणी बाजरीएवढे झाले की घडाच्या आजूबाजूची दोन-तीन पानं काढा, पण सकाळच्या उन्हाच्या बाजूची, पश्चिमेची ठेवा नाहीतर मणी भाजतात. पाणी मुळाशी द्या, पाइपने वेल धुवायची हौस असते पुष्कळांना, ती बंद. खाली पाचोळ्याचं आच्छादन घाला म्हणजे पावसाचे थेंब आपटून माती उडत नाही, पाचोळा मात्र वेलीचा स्वतःचा नको.

आणि धंद्याचं सांगतो म्हणजे कुणाला वाटायला नको की शेतकरी हौसेने मारतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (डोळा फुगून फुटायला लागतो ती वेळ) ते फुलोरा या काळात पाऊस लागला की घडच कुजतो, पान नव्हे, वर्षाचा सगळा पैसा त्या आठवड्यात असतो. तेव्हा आम्ही रासायनिक मारतोच. पण २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत वाढनियंत्रकाचे अंश सापडून कंटेनर अडकले, तेव्हापासून सगळ्यांना अवशेष हा शब्द पाठ झाला. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आमच्याकडे वर्षानुवर्षं चहासाखरेसारखं वापरलं गेलं, युरोपने २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याची मान्यता काढली. आता पुण्याजवळ मांजरी गावात असलेल्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याने काढणीच्या आधीच्या टप्प्यात ट्रायकोडर्मा, बॅसिलस सबटिलिस, भुरीसाठी अँपेलोमायसिस हे जिवाणू-बुरशीवाले फवारे वाढलेत. अँपेलोमायसिस म्हणजे भुरीलाच खाणारी बुरशी. ही सगळी जिवंत माणसं आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात तापलेली बाटली घेतली तर आत मढी असतात. तारीख बघा, सावलीतली घ्या, संध्याकाळी मारा, तांब्याच्या फवाऱ्यात मिसळू नका.

पैसे असतील त्यांचा खरा बिनऔषधी उपाय म्हणजे वरून प्लास्टिकचं आच्छादन. पानच ओलं झालं नाही तर केवडा येणार कुठून.

सयाजीगंज | २७ सप्टेंबर, सकाळी ९.१८

वडोदऱ्याहून. आमच्या सोसायटीत एकाने पार्किंगच्या पारदर्शक पत्र्याखाली वेल नेलीय, केवडा खरंच बंद झाला पण भुरीने कहर केलाय. हे असं का?

काळी_माती | २७ सप्टेंबर, सकाळी १०.००

असंच होतं. पाऊस अडला तसं भुरी धुणारं पाणीही अडलं, वर पत्र्याने अतिनील किरणं गाळली आणि हवा कोंडली. भुरीला उन्हातल्या अतिनीलचं वावडं असतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे लोक रात्रीच्या वेळी गाडीवर अतिनील दिवे लावून द्राक्षाच्या रांगांतून फिरवतात, रात्रीच का तर दिवसाच्या निळ्या उजेडात बुरशी झालेली इजा दुरुस्त करून घेते. घरी कुणी असले दिवे लावू नका, डोळे जातील. तुमच्या मित्राला पत्रा उंच करायला आणि बाजू मोकळ्या ठेवायला सांगा.

लष्करकर | २७ सप्टेंबर, दुपारी १.३५

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडे थंडीत वेलीची पानंच झडतात, जानेवारीत एकच छाटणी आणि फळ जूनच्या सुरुवातीला. परलेट ही लवकर येणारी जात लावलीय. पावसाळ्याआधी घड उतरतात त्यामुळे केवडा पानांवर आला तरी फळाला काही होत नाही, नंतर जुलैत पानं गेली तर जाऊ देत. इंदुरात पण लवकर येणारी जात लावून हे जमायला हवं ना?

काळी_माती | २७ सप्टेंबर, दुपारी ४.१०

पानं जाऊ देत म्हणू नका, पुढच्या वर्षीची काडी त्याच पानांच्या जिवावर पिकते. बाकी विचार बरोबर, पण माळव्यात थंडी इतकी नाही, वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून इथं महाराष्ट्रासारखी एप्रिलची खरड (काड्या आखूड करून नवी फूट आणणारी छाटणी) आणि ऑक्टोबरची फळछाटणी बरी पडते. फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळं कोरड्या ऋतूत. म्हणजे ताईंच्या फळाचा शत्रू भुरी, पानांचा शत्रू केवडा.

अंगणातली_वेल | १९ ऑक्टोबर, रात्री ८.४५

छाटणी झाली, माळीकाकांना हा धागा वाचून दाखवला. मांडव इतका उघडा दिसतोय की सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. काड्यांवर एक टक्का बोर्डो मारलं, खिळ्याची टेस्ट केली, पहिल्यांदा खिळा तांबूस झाला म्हणून चिमूटभर चुना वाढवला, मग स्वच्छ. आता भुरीची तयारी सांगा.

रसायन_मास्तर | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

दूध. हसू नका कुणी. ब्राझीलच्या बेतिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनीच्या भुरीवर पातळ केलेलं गाईचं दूध मारून दाखवलं, आठवड्याला १० टक्के आणि त्याहून जास्त दूध मारलं तिथे ते औषधाच्या तोडीस तोड होतं. पुढे ऑस्ट्रेलियात ॲडलेडकडे द्राक्षमळ्यांत दूध आणि चक्क्याचं पाणी दोन्ही तपासलं, तिथेही चाललं. ते चालतं उन्हात, दुधातली प्रथिनं आणि ऊन मिळून भुरीच्या धाग्यांना मारतात असं धरलं जातं. तेव्हा सकाळी मारा, संध्याकाळी नाही. एक भाग दूध नऊ भाग पाणी, साय काढलेलं किंवा टोण्ड घ्या नाहीतर फवाऱ्याचं तोंड चोंदतं आणि वास मारतो. फुलोऱ्याच्या जरा आधीपासून आठवड्याला एकदा.

केवड्यावर मात्र दुधाचा काही उपयोग नाही.

भियाराम | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३८

सराफ्यात रात्री कढया भरभरून दूध आटून राहिलंय आणि इथं वेलीला टोण्ड. इंदूरची इज्जत काढली राव.

गच्ची_पलासिया | २० ऑक्टोबर, सकाळी ७.२०

खायचा सोडा पण चालतो ना? मी गुलाबाला मारते.

रसायन_मास्तर | २० ऑक्टोबर, सकाळी ८.०५

चालतो, पण त्यातलं सोडियम कुंडीत आणि जमिनीत साठतं, आपली काळी माती सोडियमने आणखी चिकट आणि घट्ट होते. त्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट घ्या, लिटरला पाच ग्रॅम आणि पातळ साबणाचे दोन थेंब म्हणजे पसरेल. हे दिसलेल्या भुरीवर लगेच काम करतं, धागे सुकतात, पण पुढचं राखण करत नाही. म्हणून दूध राखणीला आणि हे डाग दिसला तर. निंबोळी तेल भियाने सुचवलंच होतं, तेही भुरीवर चालतं, पण त्यातलं तेल चालतं. बाटलीवर जो पीपीएमचा मोठा आकडा असतो तो किडीसाठी, भुरीला त्याचं देणंघेणं नाही. मण्यांवर तेल मारलं की ती मेणाची लव जाते आणि माल तेलकट दिसतो, तेव्हा फळ मोठं झाल्यावर नको.

निफाडचा_भाचा | २० ऑक्टोबर, दुपारी १२.५०

पाण्यात मिसळणारं गंधक विसरू नका, ८० टक्केवालं, लिटरला दोन ग्रॅम, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनं. फक्त ३२-३५ डिग्रीच्या वर गेलं की पानं भाजतं, आणि तेल मारलं असेल तर दोन आठवडे अंतर ठेवा. तुमच्या डिसेंबर-जानेवारीत बिनधास्त.

आणि एक गोष्ट जी दुकानवाला सांगणार नाही. मणी कायम नाजूक नसतात. सेटिंग झाल्यापासून, म्हणजे फुलाचा मणी धरल्यापासून, साधारण तीन-चार आठवड्यांत मणी स्वतःच भुरीला दाद देईनासे होतात, नवीन लागण जवळजवळ थांबते. सगळी लढाई फुलोऱ्याच्या आधीपासून ते तिथपर्यंत. तेवढ्यात नेमाने केलं तर पुढे आराम.

अंगणातली_वेल | ११ जानेवारी, रात्री ९.२०

अपडेट देते. फुलोऱ्याच्या आधीपासून दर रविवारी सकाळी दूध मारलं, सांचीची टोण्ड थैली. सासूबाई म्हणाल्या झाडाला दूध आणि मला कोरा चहा. भिंतीकडच्या कोपऱ्यात जिथं माझा हातपंप पोचत नाही आणि ऊनही नसतं तिथल्या तीन घडांच्या देठांवर भुरी आली, बाकी मांडव स्वच्छ. कोपऱ्यातल्या पानांवर पोटॅशियमवालं मारलं, चार दिवसांत पांढरं करडं होऊन सुकलं, पण त्या तीन घडांतले मणी काही सुधारले नाहीत, ते काढून टाकले. दुधाचा वास दोन दिवस येतो, मांजरं येतात. आता मणी वाटाण्याएवढे झालेत, दूध चालू ठेवू का?

देशी_तेच_बरं | ११ जानेवारी, रात्री १०.०२

दूध देशी गाईचं घेतलं असतं तर कोपरा पण वाचला असता.

काळी_माती | १२ जानेवारी, सकाळी ६.५५

कोपऱ्यात ऊन नव्हतं भाऊ, गाय कोणतीही असती तरी तेच झालं असतं. 

ताई, घडांवरचं दूध आता बंद करा, मणी त्या नाजूक वयातून बाहेर पडलेत. मण्यांत पाणी उतरायला लागल्यावर, म्हणजे ते मऊ आणि गोड व्हायला लागल्यावर दूध मारलं तर मण्यांत साचून काळी बुरशी आणि चिलटं येतील. पानांवर भुरी दिसली तरच तेवढ्यापुरतं पोटॅशियम किंवा गंधक. कोपऱ्यातली एक जाड काडी एप्रिलच्या खरड छाटणीत मुळाशी काढून टाका, तिथं फळ धरूच नका. मग मे संपता संपता आभाळ बघून अर्धा टक्का बोर्डो, दोनच लिटर, पानाच्या खालून.

अंगणातली_वेल | १२ जानेवारी, सकाळी ९.१०

चालेल काका. त्या काडीवर सासूबाईंचा जीव आहे, एप्रिलपर्यंत त्यांना तयार करते.